वजा जाता

एप्रिलची नऊ तारीख. डुलूथला अजून
बर्फ धक्क्याला धरून आहे, दुधाच्या खरवडीसारखा.
मारिट सोर्वारीच्या टेबलावर मी पिशवी उलटी केली:
पेट्रोलच्या पावत्या, फेल्टचं बिल, तारांचं बिल,
ल्यूथरन चर्चच्या चेकची प्रत, तिच्यावर कॉफीचा गोल डाग.
एकसष्ट वर्षांचा मी,
एकशे चाळीस घरांतले पियानो सुरात ठेवतो.
माझा मालक मीच, नोकरही मीच,
आणि दोघांचा एकमेकांवर फारसा भरवसा नाही.

वजाबाकी मला शिकवायला नको.
पंचम अगदी शुद्ध लावत गेलं
तर शेवटी सप्तक बसत नाही,
म्हणून प्रत्येकातून केसभर काढून घ्यायचं,
ऐकणाऱ्याला कळू न देता.
चाळीस वर्षं तेच करतोय.

"विम्याचा हप्ता?" मारिटने विचारलं.
महिना सातशे बारा.
तिचं बोट सवयीने बाराच्या गुणाकाराकडे निघालं
आणि थांबलं.
"लेनोर शाळेत होती. तिच्या विम्यात तूही होतास ना?"
होतो.
"कधीपर्यंत?"

एकोणीस ऑगस्टला ती गेली.
विमा महिनाअखेरपर्यंत चालला.
ती नसताना बारा दिवस
मी तिच्या नावावर निरोगी होतो.

मारिटने पेन्सिल ठेवली, पुन्हा उचलली.
जोडीदाराच्या नोकरीतून विमा मिळत होता
ते महिने इथे धरत नाहीत, म्हणाली,
नियमच आहे तसा.
म्हणजे चार.

तेव्हा लोक आले होते. बटाट्याची भांडी भरभरून आणली,
पाठीवर हात ठेवले, काळ हेच औषध म्हणाले.
किती काळ, ते कुणी मोजून सांगितलं नाही.
सांगितलं ते या अर्जाने:
या वर्षात तू चार महिने एकटा होतास.
गुणिले सातशे बारा.
दोन हजार आठशे अठ्ठेचाळीस, वजा.

"आणि निवृत्तीसाठी? काही टाकलंस?"
काही नाही.
दर डिसेंबरात लेनोर एक चिठ्ठी
माझ्या सूरकाट्याच्या डबीत सारून ठेवायची:
म्हाताऱ्या ट्यूनरला विसरू नकोस.
या डिसेंबरात मी डबी उघडली ती फक्त सूरकाट्यासाठी.

"वेळ गेलेली नाही," मारिट म्हणाली.
"पंधराच्या आत खातं उघड, पैसे भर.
ते गेल्या वर्षातच धरतात."
गेल्या वर्षात?
"गेल्या वर्षात."
मी तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

जुलैमधला एक रविवार.
ती म्हणाली होती, सरोवरावर जाऊ, नुसतं बसू.
मी टू हार्बर्सला गेलो, एका हॉटेलचा पियानो होता,
एकशे साठ डॉलर.
ते एकशे साठ इथे आहेत, वरून सातव्या पावतीवर.
रविवार कुठल्याच रकान्यात नाही.
अजून सहा दिवस आहेत, मी मनात म्हटलं,
आणि मारिटला विचारलं नाही
की पैशांशिवाय आणखी काय काय भरता येतं मागे जाऊन.

पतपेढीत गर्दी नव्हती. पाच हजार टाकले.
अर्जावर शेवटी एक चौकट होती: वारस.
हाताने आपसूक लिहिलं, लेनोर हॉगेन,
नातं, पत्नी.
काउंटरवरच्या पोराने, ओरिन नाव होतं छातीवर,
वाचलं, जन्मतारीख विचारू लागला,
माझ्या तोंडाकडे पाहिलं,
आणि काही न बोलता कोरा अर्ज सरकवला.

दुसऱ्यावर मी तिच्या भाचीचं नाव घातलं.
पहिला अर्ज फाडायला त्याने हात पुढे केला.
नको, म्हटलं.
घडी करून पावत्यांच्या पिशवीत टाकला.
पुढच्या वर्षी मारिट पिशवी उलटी करेल
तेव्हा विचारेल, हा कशाचा खर्च?